पटावरचं विसावं नाव

पिंपळे गुरव
२२ जून २०२५

ती. स्व. ज्योतीराम काकांस,
विजयश्रीचा सा. न. वि. वि.

कानाचं यंत्र तुम्ही डब्यात ठेवता आणि फोनवर मी ओरडले की इमारतीतले लोक दार उघडून बघतात, म्हणून हे पत्र. प्रभावतीकाकूंना सांगा, लोणचं पोचलं. बरणी फुटली नाही, पण झाकणातून तेल गळून माझी वार्षिक नियोजनाची वही तेलकट झाली. साहेबांना दाखवायला ती आता खूप वापरलेली दिसते, हा फायदाच म्हणायचा.

शाळा सुरू झाली. बोरजाईवाडीच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट यंदा बरोबर वीस. विसाच्या आतल्या शाळा मोठ्या शाळेत विलीन करायच्या, अशी यादी तयार होते आहे. तीस सप्टेंबरला पटावर जेवढी नावं असतील तेवढीच धरणार, असं बैठकीत सांगितलं. मोठी शाळा म्हणजे महामार्गाच्या पलीकडची, तीन किलोमीटरवरची. मध्ये चाकणच्या कंपन्यांचे ट्रेलर दिवसभर धावतात. पहिलीतलं पोर तो रस्ता कसं ओलांडणार, असं मी विचारलं, तर प्रश्न लेखी द्या म्हणाले.

विसातली एकोणीस मुलं बाहेरून आलेल्यांची. कुणी जालन्याचं, कुणी वाशीमचं. आईबाप गोदामांत आणि कंपन्यांत कंत्राटावर. वाडीतल्यांची पोरं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जातात. अपवाद एकच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष मारुतराव यांचा नातू प्रीतम. अध्यक्ष राहायचं तर घरातलं मूल शाळेत हवं, म्हणून तो आहे. परवाच्या बैठकीत मारुतराव म्हणाले की बाई, शाळा ऱ्हायली काय नि गेली काय, जागा गावाचीच हाय, तिथं मंगल कार्यालय झालं तर चार लग्नं तरी लागतील. बाकीचे पालक खाली बघत बसले. ते मारुतरावांच्याच खोल्यांत भाड्याने राहतात.

मोनिका चौथीत गेली. पत्रलेखनाच्या धड्याला मुलं दरवर्षी तुम्हाला खरी पत्रं टाकतात ना, त्यात तुम्हाला दात किती उरले असं विचारणारी तीच. शाळेत दोन शिक्षक मंजूर आहेत, प्रत्यक्षात मी एकटी. मी मोबाईलवर माहिती भरत बसते तेव्हा मोनिका पहिली-दुसरीला वाचायला शिकवते. खरं सांगायचं तर निम्मी शाळा तीच चालवते.

लोभ आहेच. तो काकूंच्या लोणच्यासारखा मुरत राहो.

तुमची,
विजयश्री


हाडोळी, जि. लातूर
३ जुलै २०२५

चि. विजयश्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं, दोनदा वाचलं. तुझ्या काकूने तिसऱ्यांदा मोठ्याने वाचून घेतलं आणि लोणच्याच्या झाकणाचा दोष माझ्यावर ढकलला. मोनिकाला कळव, दात अकरा.

तुला एक जुनी गोष्ट सांगतो. ऊसतोड लागली की माझा पट निम्म्यावर यायचा. तपासणीला साहेब आले की मी ऐटीत हजेरी घ्यायचो. जे पोर नसेल त्याच्या शेजारच्याने हजर म्हणायचं, हे मी वर्गाला पाढ्यांसारखं पाठ करून घेतलं होतं. साहेब बिस्कीट चहात बुडवण्यात गुंग असायचे. त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही. शाळा टिकली, आणि चैत्रात पोरं परत आली तेव्हा दार उघडं होतं. मला त्यात कधी पाप वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

तेव्हा नाव कापायची घाई करू नकोस. एकदा शाळेला कुलूप लागलं की ते कुणी उघडत नाही, हे मी तीन गावांत पाहिलंय. आणि तुझी बदली कुठे लांब झाली तर जावईबापूंच्या शिफ्ट, तुझी सासू, घर, सगळ्याचीच ओढाताण होईल. मला तुझी काळजी वाटते, ती लपवण्यात अर्थ नाही.

माझे आशीर्वाद आहेत, कान नसले तरी.

ज्योतीराम


पिंपळे गुरव
१० ऑगस्ट २०२५

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमची विद्या कामी आली. आधी कशी ते सांगते, मग शाबासकी द्या.

जुलैच्या मध्यात मोनिकाच्या वडिलांचं कंत्राट संपलं. त्यांना चऱ्होलीत एका बांधकामावर वॉचमनचं काम मिळालं. टेम्पोत भांडी भरून झाल्यावर ती शाळेत निरोप घ्यायला आली. जाताना तिने बोटं मोजून विचारलं की बाई, मग आता एकोणीस होणार का. मी म्हणाले, नाही, तुझं नाव मी ठेवते. तिला ते आवडलं. हसतच गेली.

तर मोनिकाचं नाव मी कापलं नाही. गेल्या आठवड्यात तपासणी झाली. आलेल्या साहेबांच्या हातात बिस्किटाऐवजी मोबाईल होता, तेवढाच काय तो फरक. मी हजेरी घेतली. मोनिकाच्या नावाला शेजारची मिनल जरा जाड आवाज काढून हजर बाई म्हणाली, आणि स्वतःच्या नावाला आपल्या आवाजात पुन्हा म्हणाली. मुलांना मी सांगून ठेवलं होतं की हे शाळा वाचवण्यासाठी आहे. साहेबांनी पट पूर्ण असा शेरा मारला, फलकासमोर माझा फोटो काढला आणि गेले. कुठलं मूल वाचतं, कुठलं अडखळतं, हे त्यांनी विचारलं नाही. एकोणिसातली चौदा सरळ वाचतात, काका. कुणी विचारलं असतं तर मी सांगणार होते.

मोनिकाचे वडील दाखल्यासाठी दोनदा फोन करून बोलले. मी त्यांना ऑक्टोबरमध्ये या म्हणाले. तिथली शाळा तोवर तिला नुसतं बसू देईलच, एवढी हुशार पोरगी कोण बाहेर ठेवील? दीड-दोन महिन्यांचा प्रश्न आहे. एक ऑक्टोबरला सकाळी पहिलं काम तिचंच करणार आहे.

मारुतराव हल्ली प्रीतमला गाडीने सोडतात आणि उतरून मैदान पावलांनी मोजतात. मी खिडकीतून बघते.

आतापर्यंत दिलात तसाच लोभ पुढेही द्या.

तुमची,
विजयश्री


हाडोळी
४ ऑक्टोबर २०२५

चि. विजयश्रीस,
आशीर्वाद.

सोबत एक पत्र जोडलं आहे. ते मला सहा सप्टेंबरला मिळालं. मी ते वाचलं, घडी घातली आणि कपाटात कपड्यांखाली ठेवलं. तुला त्याच दिवशी पाठवलं असतं तर तू नाव सोडलं असतंस, तुझा स्वभाव मी ओळखतो. तीस तारीख जाऊ दे, असं मनाशी ठरवलं. महिनाभर कपाट उघडताना त्या बाजूला बघत नव्हतो.

काल काकूला कपडे लावताना ते सापडलं. तिने वाचलं. मला जेवण वाढून ती आत निघून गेली. माझी पोरं ऊसतोडीहून परत यायची, म्हणून माझी ती युक्ती खपून गेली. ही पोरं परत येत नाहीत, पुढेच जात राहतात, एवढं माझ्या डोक्यात शिरायला हवं होतं. शिरलं नाही. मी चुकलो, बाळ.

जमेल तेवढं लवकर कर.

ज्योतीराम


(सोबतचं पत्र)

चऱ्होली
१ सप्टेंबर

तीर्थरूप आजोबांस,
मोनिकाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की आम्ही आता चऱ्होलीत राहतो. इमारत चौदा मजली आहे. आम्ही खाली पत्र्याच्या खोलीत आहोत. तुमचा पत्ता मला पाठ आहे.

मी इथल्या शाळेत पप्पांबरोबर तीनदा गेले. तिथले सर म्हणाले की हिचं नाव कॉम्प्युटरवर जुन्या शाळेत दिसतंय, तिथून सोडल्याशिवाय बसता येणार नाही. मी धडा वाचून दाखवते म्हणाले, पण त्यांनी पुस्तक दिलं नाही. बाई ऑक्टोबरमध्ये या म्हणतात. मम्मी म्हणते तोपर्यंत घरी बसून काय करणार, ती कामाला जाईल आणि मी भावाला सांभाळायचं.

बाईंना तुम्ही सांगा ना. मी सांगितलं तर शाळा बंद पाडते असं वाटेल. बाईंवर रागावू नका. दात किती राहिले ते कळवा.

तुमची नात,
मोनिका


पिंपळे गुरव
१९ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्यावर मी खूप रागावले. तीन दिवस मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. मग राग कुठे ठेवावा कळेना, कारण तिच्या वडिलांचे दोन फोन मी माझ्या धडधाकट कानांनी ऐकले होते. एक ऑक्टोबरला सकाळी पहिलं काम करणार होते, तेही केलं नाही. तुमचं पत्र आठ तारखेला आलं तेव्हा मोनिकाचं नाव सोडलं.

ते का राहिलं, तेही सांगते. एकोणतीस सप्टेंबरला मारुतराव गाडी घेऊन शाळेच्या दारात आले आणि प्रीतमचा दाखला मागितला. इंग्रजी शाळेने त्याला आधीच वर्गात बसवून घेतलं होतं, कागद तेवढा राहिला होता. बाई, मला थांबाय येळ न्हाई, म्हणाले. मी दहा मिनिटांत दाखला लिहून शिक्का मारला आणि कॉम्प्युटरवरून नावही त्याच दुपारी सोडलं. अध्यक्षांना ऑक्टोबरमध्ये या असं म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही. तीस तारखेला पटावर एकोणीस नावं होती, त्यात एक मोनिकाचं. त्या दिवसानंतर मला पटाची वही उघडावीशी वाटेना.

पंधरा तारखेला आदेश आला. दिवाळीनंतर शाळा महामार्गापलीकडे. पालकांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. पाच जण मुलांना गावी आजीकडे ठेवणार आहेत. तिघी मुली आता घरीच राहतील. बाकीचे बघू म्हणाले. माझी बदली कुठे होईल ते ठरलेलं नाही, आणि आता मला त्याचं काही वाटत नाही.

शुक्रवारी शेवटची हजेरी घेतली. अठरा नावं संपली आणि मी वही मिटली, तर मिनल उठून जाड आवाजात हजर बाई म्हणाली. कुणी हसलं नाही. तिला ते मीच शिकवलं होतं, आणि थांबायला सांगायचं विसरले होते.

काल दाखला घेऊन चऱ्होलीला गेले. मोनिका जिन्यात भावाला कडेवर घेऊन उभी होती. मला बघून तिला इतका आनंद झाला की मला तिच्याकडे बघवेना. तिची आई नवव्या आणि अकराव्या मजल्यावर धुणीभांडी करते. ती म्हणाली की बाई, तेव्हा पोरीला घेतलं नाही म्हणून मी कामं धरली, आता सोडली तर आम्ही खायचं काय, आणि बारक्याला बघायचं कुणी? तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी पुढच्या जूनचं काही बोलले, ती हो हो म्हणाली. आपल्या बैठकांत आपण म्हणतो ना, तसंच.

मोनिकाने दाखला वाचला. अडखळली नाही. मग मला गेटपर्यंत सोडायला आली आणि विचारलं की बाई, आपल्या शाळेचा पट आता किती.

मी वीस म्हणाले.

मग बरं झालं, म्हणाली, माझं नाव कामाला आलं.

काकूंना नमस्कार. तुमच्याकडे लोभ मागावा असं आज माझ्या हातून काही झालेलं नाही.

विजयश्री