हिरव्या टाक्याची टोपी

देवळाली कॅम्प
दि. १२ जून २०२३

ती. स्व. दादास, उज्वलाचा सा. न. वि. वि.

मुलाखतीच्या वीस मिनिटांत काचेपलीकडून निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यावर तू नुसती मान डोलावतोस, म्हणून लिहिते. उच्च न्यायालयाने आपला अर्ज मान्य केला! तुझ्या खटल्यातली टोपी अजून कोर्टाच्या मुद्देमालात शाबूत आहे. अकरा वर्षांपूर्वी भातगिरणीच्या राखणदाराच्या प्रेताजवळ ती सापडली, तेव्हा तिच्यावरचं रक्त त्याचं आहे एवढंच तपासलं. आतल्या घडीत मुरलेला घाम कुणाचा, हे कुणी पाहिलंच नाही. आता डीएनए तपासणीत ते कळेल. त्यासाठी तुझं रक्त आणि तुझी सही हवी, असं आपल्या वकील लताताई म्हणतात.

आरोही पाचवीत गेली. मामासारखीच हट्टी आहे, फक्त अक्षर बरं आहे. सही करायला नेहमीसारखा महिना लावू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी धाकटी,
उज्वला


नाशिक रोड कारागृह
दि. २१ जून २०२३

चि. सौ. उज्वलास अनेक आशीर्वाद.

पत्र चारदा वाचलं. सही केलेली नाही, रागावू नकोस. आपल्या चुलतभावाच्या, दीपकच्या लग्नात मानपानाला मिळालेली ती टोपी मी घातली होती, फोटोपुरती का होईना. वैशाखातलं ऊन होतं. पुढे ती कुठे गेली मला ठाऊक नाही. पण चाळीस सारख्या टोप्यांत आपली ओळखू यावी म्हणून आईने तिला हिरव्या दोऱ्याचा टाका घातला होता, आणि कोर्टात तिने तोच टाका ओळखला. घाम माझाच निघाला तर? त्या राखणदाराशी माझं आदल्या दिवशी भांडण झालं होतं, हे तर सगळ्या गावाला माहीत. अजून अपील चालू आहे म्हणून आशा आहे. ती एका कागदाने संपवायची माझी हिंमत नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. अमोलरावांना नमस्कार, आरोहीला गोड पापा.

तुझा दादा,
निवृत्ती


घोटीजवळून
दि. ५ जुलै २०२३

चि. उज्वलास आईचा आशीर्वाद.

मी सांगते आन अंगणवाडीची चैताली लिहिते. तिला म्हणले, एक शबुद बदलू नको.

तू फोनवर घामाचं बोललीस, तवाच ठरवलं, आता सांगायचं. उजे, ती टोपी निवृत्तीकडं नव्हतीच. तुझ्या लग्नात मानाची टोपी एक कमी पडली. तुझे चुलतसासरे धोंडीराम समोर उभे. मी पेटीतली दीपकच्या लग्नाची टोपी काढली, धुतलेली, इस्त्री केलेली, आन त्यांना दिली. घाईत टाका उसवायचा राहिला. दोन महिन्यांनी पोलिसांनी टोपी दाखवून इचारलं, टाका तुमचा का? मी हो म्हणले. ते खरंच होतं. पुढचं कुणी इचारलं नाय, मी सांगितलं नाय. व्याह्यांना वापरलेला आहेर दिला हे भर कोर्टात कसं सांगू? तुला माघारी धाडली असती. वाटलं, पोरगं निर्दोष हाय, सुटंल. नाय सुटलं.

मला आई म्हण नायतर नको म्हणू, पण हे पत्र वकिलाला दे.

सुमनबाई (अंगठा)


देवळाली कॅम्प
दि. १४ जुलै २०२३

ती. स्व. दादास सा. न. वि. वि.

आईचं पत्र सोबत आहे. आधी ते बसून वाच, मग हे.

तीन दिवस मी ते कपाटात दडवून ठेवलं. ज्या संसारासाठी आई गप्प बसली तो माझा, मग राग कुणावर काढू? चौथ्या दिवशी पत्र अमोलच्या हातात दिलं. त्याने ते वाचलं, चपला घातल्या आणि आईला घेऊन येतो म्हणून निघाला. सासूबाई म्हणाल्या, घरची अब्रू चव्हाट्यावर आणू नकोस. मी सांगितलं, ही अब्रू अकरा वर्षं माझ्या भावाने तुरुंगात राहून सांभाळली, आता पुरे. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. टाकू देत.

आई पुन्हा साक्ष देणार आहे. पण नुसती साक्ष पुरणार नाही, आईची माया म्हणून सोडून देतील. टोपी तुझ्यानंतर धुतली होती, आता कसली भीती? सही कर दादा. नाही केलीस तर दर आठवड्याला येऊन काचेवर डोकं आपटेन.

तुझीच,
उज्वला


नाशिक रोड कारागृह
दि. ९ फेब्रुवारी २०२४

ती. आईस निवृत्तीचा शि. सा. न.

उज्वलाने कळवलंच असेल. आतल्या घडीतला घाम माझा नाही, दुसऱ्या पुरुषाचा आहे. अपिलाचा निकाल व्हायचाय, पण जामीन मिळाला. सोमवारी सोडतील. कोर्टात बसायला सांगितलं तरी तू उभी राहूनच सगळं बोललीस, असं लताताईंनी सांगितलं.

धोंडीरामकाकांना चौकशीला बोलावलं आहे. उज्वलाला सांग, घरात कुणी त्यांना खुनी म्हणायचं नाही. आहेर पुढे कुणाकुणाकडे फिरतो, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे! त्यांचंही रक्त तपासू देत, मग बोला. टोपीवरून माणूस ठरवला की काय होतं, ते मी भोगलंय.

आई, तुझं पत्र वाचून मला तुझा फार राग आला होता. खोटं कशाला लिहू, अजून थोडा आहे. तो इथून पत्राने जायचा नाही. सोमवारी फाटकापाशी तूच ये, बाकी कुणी आलं नाही तरी चालेल.

तुझा,
निवृत्ती