शाळूतल्या सीड्या

॥ श्री यमाई प्रसन्न ॥

इस्लामपूर, २ डिसेंबर २०२४

ती. आण्णांस,
धाकट्या सुलाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेली ट्रंक काल टेंपोने पोचली. मी मागितली होती वाकळा ठेवायला, रिकामी. चौघांना मिळून आत आणावी लागली, तेव्हाच ह्यांना शंका आली. म्हणाले, तुझ्या भावानं पलटणीतला दारूगोळा तर न्हाई ना पाठवला. उघडली तर काठोकाठ तुमच्या जाझच्या रेकॉर्डी, कडेला सीड्या, आणि वेगळ्या खोक्यात त्या वाजवायची दोन्ही यंत्रं. चिठ्ठीत दोनच ओळी. पुण्याचं गिऱ्हाईक दहा फेब्रुवारीला येऊन रेकॉर्डी नेईल, मग ट्रंक तुझी.

आण्णा, पस्तीस वर्षं जमवलेलं असं दोन ओळींत देऊन टाकता येतं का? कलकत्त्याच्या फुटपाथवरून, बेळगावच्या जुन्या बाजारातून काय काय उचलून आणायचात. रजेवर आलात की पिशवीत कपडे कमी आणि ह्याच जास्त. आई वैतागायची. म्हणायची, लोकांची पोरं आईला लुगडं आणतात, माझ्या मानसिंगानं काळ्या चकत्या आणल्या.

फोन करणार होते, पण तुम्हांला फोनवर ऐकू येत नाही, आणि मोबाइलवर लिहिलं तर तुम्ही नुसता अंगठा पाठवता. अंगठ्यावरून बहिणीने काय समजायचं? म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानेच यावं.

नवी वस्तू घरात आली म्हणून यंत्रांना हळदकुंकू लावलं. रेकॉर्डींना लावलं नाही, घाबरू नका. रेकॉर्डी एकशे अठरा, सीड्या बेचाळीस. माझ्या वहीच्या मागच्या पानांवर एकेकीला नंबर देऊन कव्हरावरचं चित्र लिहून ठेवलं आहे. इंग्रजी नावं मॅट्रिकच्या बळावर वाचते, उच्चाराची हमी देत नाही.

सीड्यांचं काय करायचं ते चिठ्ठीत नाही, तेवढं कळवा. चि. राजवर्धन व सौ. पूजा यांना आशीर्वाद. भावाचा लोभ उचलायला चार माणसं लागतात हे कळलं, तो असाच जड राहावा.

तुमची,
सुला

सातारा, ८ डिसेंबर २०२४

चि. सौ. सुलास,
आण्णाचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अंगठ्याबद्दल बोललीस ते मान्य.

तुला वाटतं तसं दोन ओळींत दिलं नाही. वर्षभर प्रयत्न केला. कानात यंत्र घातलं की समोरचा माणूस कळतो. पूजा चहा विचारते ते कळतं. पण रेकॉर्ड लावली की पत्र्यावर खडी ओतल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, काका, ही यंत्रं बोलण्यासाठी असतात, सुरांसाठी नाहीत. तीस वर्षं पलटणीच्या बँडात ड्रमच्या पुढ्यात उभं राहून क्लॅरिनेट वाजवली, त्याचं हे. मग मी रोज कपाटासमोर खुर्ची टाकून बसायचो आणि नुसती कव्हरं बघायचो. पंगतीत पान वाढलेलं आणि तोंड शिवलेलं. राजवर्धन काही म्हणाला नाही, मलाच ते सोसेना. म्हणून एकदाची डोळ्यांआड केली.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला सीड्या नकोत, आता त्या कुणी घेत नाही म्हणे. त्यांचं तुला वाटेल ते कर. रेकॉर्डी मात्र उभ्या ठेव, आडव्या रचू नकोस, आणि देवघराच्या समईपासून लांब.

दादासोंना सांग, दारूगोळाच आहे, पण भिजलेला.

पत्र लिहीत जा. हे यंत्राशिवाय पोचतं.

तुझा,
आण्णा

॥ श्री यमाई प्रसन्न ॥

इस्लामपूर, १९ डिसेंबर २०२४

ती. आण्णांस,
सुलाचा शि. सा. न. वि. वि.

रेकॉर्डी उभ्या केल्या. सीड्यांची सोय ह्यांनी लावली, छान उजेडात आहेत.

आता एक कबुली. मी नंबर सात वाजवली. गिऱ्हाइकाला वस्तू द्यायची तर ती चालते की नाही हे नको का बघायला? मडकं घेतानासुद्धा आपण टिचकी मारतो. निळ्या कव्हरची, डोळे मिटलेल्या माणसाची. आधी वाटलं, सगळे आपापल्या घरात बसून वाजवतायत आणि कुणाला कुणाचा पत्ता नाही. पखवाजाच्या जागी जो आहे तो झांजेवर तांदूळ पाखडल्यासारखं काहीतरी करत राहतो. मग तुतारीवाला येतो, पण तोंडात घास असल्यासारखा. एक ओळ म्हणतो आणि थांबतो, जणू विसरला. मग पेटीवाला (पियानो हो, एवढं कळतं मला) हळूच ती ओळ त्याला आठवण करून देतो.

आण्णा, आमच्या गुरुवारच्या भजनात बनुबाई अशीच अडकते आणि मी मागून शब्द पुरवते. तेव्हा कुठे मला उमजलं की ही माणसं एकाच घरात बसली आहेत. मग पुन्हा पहिल्यापासून लावली. तव्यावरची भाकरी करपली. ह्यांनी मुकाट्याने खाल्ली, फक्त विचारलं की आज कोणता उपास म्हणायचा.

आता दुपारचं पोथीवाचन झालं की रोज एक वाजवते. नंबर बारा म्हणजे लग्नाची वरात चौकात अडल्यासारखी आहे, दहा भोंगे आणि मागे हटायला कुणी तयार नाही. नंबर पंधरातली बाई गाते ती जणू कुणाला काही ऐकू जाऊ नये म्हणूनच. शब्द कळले नाहीत, दुखणं कळलं. वहीत प्रत्येकीपुढे काय ऐकलं ते लिहिते आहे. चुकत असेन तर हसा, पण कळवा.

ह्यांचा नमस्कार. माया कमी झाल्यास पत्राच्या पाठीवर जागा आहे, तिथे लिहून भरून काढावी.

तुमची,
सुला

सातारा, २७ डिसेंबर २०२४

चि. सौ. सुलास,
अनेक आशीर्वाद.

सुले, तुझं पत्र चार वेळा वाचलं. तोंडात घास म्हणालीस ते अगदी बरोबर. ट्रंपेटच्या तोंडाला बूच लावतात, त्याने तसा आवाज होतो. वाचता वाचता ती चीज मला ऐकू आली. वर्षानंतर पहिल्यांदा. पियानो आठवण करून देतो, इथे पोचलो आणि पुढची ओळ माझा मीच म्हणालो. पूजा पोळ्या टाकून बघायला आली. म्हणाली, मामंजी, तुम्ही गाताय? मी म्हटलं, नाही, सुला गातेय.

आता एक काम कर. सीड्यांत एक आहे, तपकिरी कव्हर, त्यावर रिकाम्या खुर्चीचं चित्र. आमचे बँडमास्तर रेबेलो, गोव्याचे, त्यांनी निवृत्त होताना ती रेकॉर्ड मला दिली होती. जालंधरच्या बदलीत ती फुटली. सीडी मिळायला वीस वर्षं लागली. त्यातली चौथी चीज ऐक. क्लॅरिनेट एक सूर लांब लांब नेते, तिथे ड्रमचा एकच ठोका आणि वाजवणाऱ्याचा श्वास, दोन्ही ऐकू येतात. मास्तर मला हीच जागा घोटून घ्यायचे. मी श्वास चुकीचा घेतला की पाठीत थाप बसायची.

तुझ्या पत्रापासून ती चीज डोक्यात वाजते आणि नेमकी तिथे अडते. आधी ठोका की आधी श्वास, आठवत नाही. चालताना अडतो, जेवताना घास हातात धरून अडतो. तिथून पुढचं सगळं ठाऊक आहे, पण ती जागा ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एवढं ऐकून सांग. मग गिऱ्हाइकाने सगळं नेलं तरी माझी तक्रार नाही.

वाट बघतो.

तुझा,
आण्णा

॥ श्री यमाई प्रसन्न ॥

इस्लामपूर, १ जानेवारी २०२५

ती. आण्णांस,
सुलाचा शि. सा. न. वि. वि.

रागवा, पण पूर्ण वाचून रागवा.

सीड्या शाळूत आहेत. दाणा भरायला लागला आणि पाखरं तो टिकू देईनात. इकडे सगळेच जुन्या सीड्या टांगतात, उन्हात चमकल्या की पाखरू बसत नाही. तुम्ही लिहिलंत वाटेल ते कर, म्हणून मी त्या ह्यांना दिल्या. ह्यांनी हुशारी केली. दोन दोन सीड्या पाठीला पाठ लावून चिकटवल्या, म्हणजे दोन्ही अंगांनी चमकतात, आणि मधल्या भोकात दोरा ओवून टांगल्या. नावं सगळी आतल्या बाजूला गेली. अशा एकवीस जोड्या पंधरा दिवस वाऱ्यावर फिरतायत.

रिकाम्या खुर्चीचं कव्हर आहे, डबी आहे. मी काही टाकत नाही हे तुम्हांला माहीत आहे. फक्त आत सीडी नाही. काल ती डबी हातात घेऊन देवघरासमोर बसले होते. यमाईला काय म्हणून साकडं घालावं तेच सुचेना. औंधला जाऊन सांगितलं तरी तिला आधी जाझ म्हणजे काय ते समजवावं लागेल.

आम्ही उद्या रानात जातोय. सापडल्याशिवाय पत्र लिहीत नाही.

तुमची अपराधी,
सुला

सातारा, ६ जानेवारी २०२५

चि. सौ. सुलास,
आशीर्वाद.

रागावलो. दोन दिवस रागावलो. तिसऱ्या दिवशी तुझी यमाईची ओळ पुन्हा वाचली आणि राग टिकेना. वाटेल ते कर हे माझंच अक्षर.

पण उगीच खटाटोप करू नका. सीडीचा जीव तिच्या नावाच्या बाजूलाच असतो. चिकटलेली ओढून काढली की वरचा पापुद्रा निघतो आणि त्याबरोबर सगळं जातं. राजवर्धनच्या मोटारीतली एक अशीच गेली. तेव्हा राहू दे. दादासोंचा शाळू तरी राखला जाईल. रेबेलो मास्तर असते तर म्हणाले असते, ज्या वादनाला पाखरं पळतात ते पुन्हा बसवा.

मी अडलोय तिथेच आहे. त्याचंही वाईट वाटून घेऊ नकोस. तू नंबर सोळापासून पुढचं लिही.

तुझा,
आण्णा

॥ श्री यमाई प्रसन्न ॥

इस्लामपूर, १५ जानेवारी २०२५

ती. आण्णांस,
सुलाचा शि. सा. न. वि. वि.

सोबत तिळगूळ आहे, आधी तो खा आणि मग वाचा.

एकवीसपैकी एकोणीस जोड्या शाळूत मिळाल्या. दोन वाऱ्याने तुटून ओढ्यापलीकडे कोंडीबाच्या बांधावर गेल्या होत्या. त्याने त्या गोठ्याच्या दाराला लावल्या. मागायला गेले तर म्हणाला, आवं वैनी, म्हशीला आता त्या चमकीची सवय लागलीया, काढली तर दूध आटंल. मी म्हटलं, म्हशीला सांग माझ्या भावाचं अडलंय. तिळाच्या वड्यांचा डबा ठेवला आणि जोड्या घेऊन आले.

आता ऐका. डिसेंबरात ह्यांना चिकटवायला बाजारातला गोंद आणायचा होता. मीच म्हटलं होतं, पाखरांसाठी कुणी गोंद विकत आणतं का, आणि वाटीभर कणकेची खळ शिजवून दिली होती. त्यावरून हे महिनाभर मला चिडवत होते. तीच खळ कामी आली. घंगाळात कोमट पाणी घेतलं, जोड्या अलगद सोडल्या, हात लावला नाही. अर्ध्या तासात भिजवलेल्या बदामाची साल सुटावी तशा सुटल्या. मुंग्या होत्या, त्या वर आल्या. नावं शाबूत, पापुद्रा शाबूत. मऊ पातळाने एकेक पुसली. रिकामी खुर्ची म्हशीच्या जोडीत निघाली.

चमकत्या बाजूवर मात्र शाळूच्या पात्यांचे चरे आहेत. हे म्हणाले, लय आशा लावू नको. देवाजवळ दिवा लावला आणि यंत्रात घातली. पहिल्या तीन चीजा सरळ गेल्या. चौथी लागली. क्लॅरिनेट सूर लांबवत निघाली. मी बोटं मोजत होते, बोटं संपली तरी ती थांबेना. मग ठप्प. आणि मग माणूस हवा ओढतो, बनुबाई वरची ओळ घ्यायच्या आधी घेते तशी, पोटापासून.

आणि तिथेच सीडी अडकली. ठप्प, श्वास. ठप्प, श्वास. ह्यांनी बटणाकडे हात नेला, मी धरला. चौदा वेळा मोजलं. एकदाच ऐकलं असतं तर मला खात्री झाली नसती, तुम्हांला उगीच काहीतरी लिहिलं असतं. आता देवापुढे बसून लिहिते. आधी ठोका, आण्णा. मग श्वास.

नंतर यंत्राला हळूच टिचकी मारली, तर उडी मारून थेट पाचव्या चीजेवर गेली. चौथीचा शेवट मला मिळाला नाही. तो तुमच्याकडे असेल.

शाळूत आता हे स्वतः डबडं वाजवत उभे असतात. म्हणतात, तुझ्या आण्णाला कळव, बँडात एक जागा असली तर बघा. गिऱ्हाइकाचं दहा तारखेचं काय ते लवकर सांगा. वाकळांची मला घाई नाही, एवढं लक्षात घेऊन सांगा.

तुमची,
सुला

सातारा, २१ जानेवारी २०२५

चि. सौ. सुलास व दादासो यांस,
आशीर्वाद.

पत्र दारात उभ्याने वाचलं. आधी ठोका, इथे आलो आणि मास्तरांची थाप पाठीत बसली. मी ठोक्याच्या आधी श्वास घ्यायचो, म्हणून बसायची ती थाप. डोळे मिटले, ठोका पडू दिला, श्वास घेतला, आणि चीज सुटली. शेवटपर्यंत गेली. चपला काढायच्या राहिल्या होत्या. पूजाने विचारलं, मामंजी, काय झालं? मी म्हटलं, संपली. ती घाबरली बिचारी.

पुण्याच्या गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवलं. हे एक तेवढं मोबाइलवर कळवलं, अंगठ्याने.

नंबर सोळा ते बावीस तुझ्या मनाप्रमाणे लिही, पण तेवीस सावकाश ऐक. तिच्यात दोन सॅक्सोफोन आहेत, सख्ख्या भावांसारखे भांडतात. कोण आधी माघार घेतो ते मला आठवतं, पण तुझ्याकडून वाचायचं आहे.

वाकळांसाठी दुसरी ट्रंक टेंपोने पाठवली आहे. रिकामी आहे. दोघांनी उचलली तरी चालेल.

तुझा,
आण्णा