बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडी ठेवण्याबाबत

॥ श्रीराम ॥

काल घरी आलेला माल: तेल भरलेला विजेचा रूम हीटर एक, रु. ९,८००. जाड वायर व मोठा प्लग, रु. १,३४०. द्वारका चौकातून रिक्षा, रु. १२०; ऐंशी ठरले होते, खोकं बघून वाढवले. पावत्या सोबत टाचल्या आहेत.

मी, विमलाबाई दत्तू थेटे, वय ७२, मॅट्रिक पास, राहणार पंचवटी, नाशिक. आठ जुलैला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे, कोणी जबरदस्ती केलेली नाही. माझ्यामागे काय कोणाचं, ते रामरायाला स्मरून स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

१. राहता फ्लॅट माझी नात निकिता हिला द्यावा. मुलगा शेखर म्हणतो, "आई, विकून टाक. त्या घरात कोणाला राहवेल?" मला राहवलं ना.

शेखरला पोस्टातली ठेव व वडिलांची पान्यांची पेटी. पेटीला तेलाचा हात फिरवत जा.

२. फ्लॅट आम्ही माझ्या पाटल्या मोडून आणि बँकेचं कर्ज काढून घेतला. बिल्डर म्हणाला होता, "काकू, खिडक्या अशा फिट्ट, की फट दाखवा आणि पैसे परत घ्या." आम्ही खूश झालो. दिंडोरीच्या कौलारू घरात थंडी फार वाजायची.

त्याच पौषात माझी ज्योत्स्ना पहिल्या बाळंतपणाला आली. रीतीप्रमाणे बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून ह्यांनी झरोक्यातही कापडाचे बोळे कोंबले. पाचवी पुजून झाली होती, बारसं व्हायचं होतं. सकाळी ज्योत्स्ना म्हणाली, "आई, डोकं फार दुखतंय गं." मालिशवाली नवसाबाई म्हणाली, "रगत कमी हाय पोरी, झोप जराशी." मी बाळाला कोवळ्या उन्हात गॅलरीत घेऊन बसले. आत गेले तर ज्योत्स्ना उठेना. गाल तांबूस, जणू झोप लागलीय. ते बाळ म्हणजे निकिता.

लोक दृष्ट म्हणाले, सटवाईचा लेख म्हणाले. डॉक्टर म्हणाले, कोळशाची हवा. निखारे लाल झाले की धूर दिसत नाही, म्हणून सगळे निर्धास्त असतात. कौलातून ती हवा निघून जायची, स्लॅबखालून कुठे जाणार? ज्या खोलीत लेक गेली, तिचे हप्ते आम्ही पुढे अकरा वर्षं भरले. हे मरेपर्यंत थंडीतही खिडकी उघडी टाकून झोपले.

३. निकिता, पुढे घर घेशील तेव्हा भोगवटा दाखला बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. पगाराच्या तिसऱ्या हिश्शावर हप्ता जाऊ देऊ नकोस. आणि रंग, फरशी बघण्याआधी हवा कुठून येते, कुठून जाते ते बघ.

४. हीटर निकिताच्या बाळंतपणासाठी, इगतपुरीला. श्रावणात दिवस भरतात. तिच्या सासूबाई लंकाबाई फोनवर म्हणाल्या, "अहो आजी, आमच्यातल्या समद्या बाया शेगडीवरच उठल्या, काय झालं का कोणाला? अन् पावसात दुपटी कशानं वाळवू? तुमच्या हीटरनं? त्याचं बिल कोण भरंल?" लंकाबाई, त्या बाया कौलाखाली उठल्या. तुम्ही गेल्या वर्षी स्लॅब टाकलात.

म्हणून अट: निकिताच्या खोलीत कोळसा पेटवायचा नाही. हीटरवर दुपटी टाकायची नाहीत, शेजारी दोरी बांधावी. पाऊस आत आला तरी खिडकी चार बोटं उघडी. डोकं दुखलं तर आधी बाहेर, मग औषध. वकील म्हणाले, "आजी, शेगडीची अट मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटलं, "तुम्ही फी घेतलीय, बसवा."

५. देव्हारा निकिताकडे. निरांजनापुरता जाळ चालेल.

सही: विमलाबाई दत्तू थेटे
साक्षीदार: १) वाळू काशिनाथ गांगुर्डे, शेजारी. २) चिमणाबाई रघुनाथ बोडके, भजनी मंडळ.
पंचवटी, नाशिक. आषाढ शुद्ध द्वितीया, २७ जून २०२५.

ता. क. लंकाबाई, ही नक्कल तुम्हाला रजिस्टरने पाठवत आहे. आता फोनवर तुम्ही "हो हो" म्हणता आणि मागून शेगडी पेटवल्याचा वास येतो, असं निकिता मला सांगते. सोबत तिकीट लावलेलं पाकीट आहे. शेगडी घराबाहेर काढली, एवढं तुमच्या हाताने लिहून उलट टपाली कळवा. आठ तारखेच्या आत आलं, तर वाचून जाईन.