डावी दाढ

प्रिय दादा,

मुरिउंगी मेरू शहरातल्या दवाखान्यात आहे. डॉक्टर म्हणतात, अजून दोन दिवस काही सांगता येत नाही. नवरा जगेल का, एवढंच डोक्यात घुमतंय.

तीन महिन्यांपासून त्याचा डावा जबडा दुखत होता. कधी दाढ ठणकायची, कधी थेट कानात कळ जायची. आपल्याकडे कुणाचा गाल दुखला की औषध ठरलेलं: मिराच्या कोवळ्या काड्यांचा तोबरा दुसऱ्या गालात धर! मीही तेच म्हणाले. वर टोमणा मारला, "आयुष्यभर बकरीसारखा चघळतोस, मग जबडा दुखणार नाही तर काय नाचेल?" त्यानं मुकाट्यानं तोबरा उजवीकडे घेतला. दुखणं मात्र डावीकडेच राहिलं. सासूबाईंनी कानात कोमट तेल घातलं. शेवटी बाजारातल्या दातवाल्यानं दाढ उपटली. धडधाकट दाढ रे, कीड औषधालासुद्धा नव्हती! तरी तीन दिवस दुखलं नाही, म्हणून आम्ही खूश. तो तीन दिवस घरात झोपून होता, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

चौथ्या दिवशी मिरा तोडायला चढण चढला आणि झाडाखाली मटकन बसला. हात जबड्यावर, अंग घामानं चिंब. छातीत दुखतंय का विचारलं, तर मानेनंच नाही म्हणाला. डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या आणि मलाच झापलं. चढताना दुखतं, बसलं की थांबतं, ते दाढेचं दुखणं नसतं बाई, हृदयाचं असतं. आणि त्यावर नाडी पळवणारा मिरा चघळणं म्हणजे आगीत तेल. किती वेळा तो वाटेत थांबला होता, आणि मी खालून ओरडायची, "चल की, आळशी!" माझी जीभ कशी झडली नाही तेव्हा, दादा?

काल फोनवर तू हसत म्हणालास, दुकानाचा जिना चढताना डावी दाढ ठणकते, शुक्रवारी उपटून टाकतो. मला बोलूच दिलं नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्याकडे इसिओलोला मिरा आणणाऱ्या गाडीनं पाठवतेय. नेहमीसारखी जुडी सोडशील तेव्हा केळीच्या पानात मिरा नसेल, फक्त हे पत्र असेल. चिडशील, खुशाल चीड. पण शुक्रवारची वाट बघू नकोस. जिना चढू नकोस, गाडीवाल्यालाच सांगितलंय, तुला उचलून मोठ्या दवाखान्यात ने म्हणून. तो दुकानाबाहेर उभा आहे. वाचून झालं असेल तर ऊठ.

तुझीच,
कार्विथा