पहिली धार

खांडबारा, सन १९३८

रायसिंगदादास,

मेलेल्या भावाला कोणी पत्र लिहीत नाही, तरी लिहितो. आपल्या बोलीत लिहिता येत नाही, म्हणून शाळेतल्या मराठीत.

आज दारू सोडणाऱ्यांची बैठक शोधत आलो. स्टेशनवर हमालाला "दारूची बैठक कुठे भरते?" असं विचारलं, तर त्याने गुत्ता दाखवला. दारापर्यंत जाऊन परत फिरलो. बैठक त्याच वाटेवर, पुढे चिंचेखाली होती.

तिथे मी माझी अडचण सांगितली. प्यायच्या आधी पितरांच्या नावाने जमिनीवर धार सोडायची असते. तू दारूनेच गेलास, आणि तुला धार मिळावी म्हणून मी रोज पीत आलो. मी सोडली तर तुला कोण देणार?

कोणी हसलं नाही. गावातल्या बुधीबाईने पाण्याचा लोटा पुढे केला. म्हणाली, "मन्हा धनी बी हाईच सांगे." तिचा नवराही पिण्याला पितरांचंच कारण द्यायचा.

तुझं नाव घेऊन मी पाणी सोडलं. जमिनीने ते दारूसारखंच पिऊन टाकलं.

आता स्वप्नात येऊन दारू मागितलीस, तर मागणारा तू नव्हे, मीच आहे असं धरीन.

तुझा धाकटा,
दलपत