काटा पाऊणवर

६ मार्च १९९४, रविवार

गाडी आली. चिकमगळूरच्या एका कॉफी प्लँटरकडून घेतली. विलायती टू-सीटर, पासष्ट सालची, लाल, वर कापडी छत. कंपनीचं नाव इथेही लिहीत नाही. डायरी कोणाच्या हाती पडली तर उगाच नजर लागायची. चामराजपेटेत असली स्पोर्ट्स कार दुसरी नाही. सगळा रस्ता बाहेर येऊन बघत होता. कोपऱ्यावरच्या इडलीवाल्याने विचारलं, मागच्या सीटा कुठे गेल्या. अडाणी.

पेट्रोलचा काटा पाऊणवर. म्हणजे भरपूर आहे.

अक्का पायरीवर उभी होती. म्हणाली, छान आहे, पण भाजीची पिशवी कुठे ठेवायची? अठ्ठावन्न वर्षांची रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, पण विचार पिशवीच्या पुढे जात नाही. मोठी बहीण आहे म्हणून काही बोललो नाही.

८ मार्च, मंगळवार

मिनर्व्हा सर्कलला गाडी बंद पडली. काटा पाऊणवर, त्यामुळे पेट्रोलचा प्रश्नच नव्हता. मी बॉनेट उघडून विचार करत होतो. तेवढ्यात अक्का उतरली, रिक्षाने गेली आणि पंपावरून डब्यात पेट्रोल घेऊन आली. वर्तमानपत्राचं नरसाळं करून स्वतःच ओतलं. गाडी सुरू झाली.

अक्काला वाटतं पेट्रोलमुळे झाली. खरं कारण असं की ती जाऊन येईपर्यंत कार्बोरेटर निवला. समजावत बसलो नाही. मी वीस वर्षं फॅक्टरीत गेज इन्स्पेक्शनला आहे. कितीतरी मीटरं माझ्या सहीने पास होऊन देशभर गेलीत. मीटर काय म्हणतंय ते मला कळतं.

९ मार्च, बुधवार

टाकी फुल केली. गाडीबरोबर आलेल्या हँडबुकात टाकी बारा गॅलनची लिहिलीय. म्हणजे चोपन्न लिटर. त्रेचाळीस बसले आणि पेट्रोल बाहेर सांडायला लागलं. चोपन्न वजा त्रेचाळीस, म्हणजे काल बंद पडली तेव्हा आत अकरा लिटर होतं. सिद्ध झालं. कार्बोरेटरच.

कलासिपाळ्यातल्या खलील मेकॅनिकला सगळं सांगितलं. तो म्हणाला, अगदी बरोबर साहेब, आणि त्याने कार्बोरेटर उघडून साफ केला. ऐकून घेणारा माणूस आहे.

फुल केल्यावर काटा बघितला. पाऊणवर. म्हणजे हे मीटर जरा कमीच दाखवतं. चांगलंच आहे.

१३ मार्च, रविवार

जेवताना अक्काने सांगितलं की ती लग्न करतेय.

जयतीर्थ म्हणून पूर्वी तिच्या शाळेत गणिताचे मास्तर होते. बायको वारली, रिटायर झाले, म्हैसूरला असतात. गेली काही वर्षं यांची पत्रं चालू होती म्हणे. मला वाटायचं पेन्शनच्या कामाची पत्रं आहेत. लग्न म्हैसूरला रजिस्टर पद्धतीने. नोटीस देऊन झाली. साक्षीदार तीन लागतात, दोन त्यांचे आणि एक मी.

मला अतिशय आनंद झाला. लगेच उठून खाली गेलो आणि गाडीचे टायर तपासले. चारही उत्तम. पुन्हा तपासले.

संकल्प: अक्काला लग्नाला मी गाडीतून नेणार. ती म्हणाली, बस आहे की, दर अर्ध्या तासाला. मी विचारलं, नवरी बसने जाते का? ती हसली. म्हणजे ठरलं.

२० मार्च, रविवार

जयतीर्थ जेवायला आले. शांत माणूस. कन्नडमध्ये बोलतात आणि मधूनच माझ्यासाठी एखादा मराठी शब्द घालतात, तो चुकीचा असतो. गाडी बघितली. हँडबुक मागून घेतलं, पहिलं पान उघडलं आणि म्हणाले, हे अमेरिकेसाठी छापलेलं आहे. तिकडचा गॅलन लहान असतो. तुमची टाकी पंचेचाळीसची असणार.

मी म्हटलं, गॅलन म्हणजे गॅलन. आणि ही गाडी इंग्लंडची आहे. ते "सरी", म्हणजे बरं, एवढं म्हणाले आणि पुस्तक मिटलं. गणिताच्या मास्तरांना सगळीकडे चुका सापडतात. जन्माची सवय.

जाताना विचारलं, तुम्हाला स्वयंपाक येतो का? विचित्र प्रश्न. चहा येतो, असं सांगितलं.

२७ मार्च, रविवार

मीटरचा सखोल अभ्यास केला. डावीकडे वळताना काटा किंचित थरथरतो. बसवनगुडीच्या चढावरही पाऊण, उतारावरही पाऊण. खड्ड्यात एकदा पाऊणच्या वर गेला आणि परत आला. इतकं स्थिर मीटर मी आमच्या फॅक्टरीतही बघितलेलं नाही.

खलील म्हणाला, लॉरीवाले टाकीत काठी घालून बघतात. मी त्याला नीट समजावलं की लॉरी वेगळी, ही वेगळी. पटलं त्याला.

घरी अक्का मला फोडणी शिकवणार होती. वेळ नाही म्हणालो. तिने गॅसवाल्याचा नंबर, धोब्याचा वार, दूधवाल्याचं नाव असं सगळं तोंडपाठ करून घ्यायला सुरुवात केलीय. दूधवाल्याचं नाव मला माहीत नव्हतं, पण त्यालाही माझं माहीत नसेल.

४ एप्रिल, सोमवार

गाडी फॅक्टरीच्या मेन गेटमध्येच बंद पडली. मागे जनरल मॅनेजर हणमंतरावांची गाडी. सिक्युरिटीच्या लोकांनी ढकलून बाजूला घेतली. हणमंतरावांनी काच खाली करून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, कार्बोरेटर, सर. पेट्रोल पाऊण टाकी आहे. त्यांच्या ड्रायव्हरने कॅनमधून दोन लिटर घातलं आणि सुरू झाली. तोवर निवला होता.

हणमंतरावांनी विचारलं, कुठल्या सेक्शनला आहात? गेज इन्स्पेक्शन, सर. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. मग त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. प्रमोशनचं मनात असावं.

संध्याकाळी टाकी फुल.

११ एप्रिल, सोमवार. युगादी

अक्काने होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, केल्या. दरवर्षीपेक्षा जास्त केल्या आणि निम्म्या डब्यात भरून माझ्यासाठी ठेवल्या. आठवडाभर टिकतील म्हणाली. मी म्हटलं, आठवड्यानंतर काय? म्हणजे सहज विचारलं.

तिने ट्रंक भरायला काढली. मी टेप घेऊन मोजून दाखवलं की ट्रंक गाडीत मावत नाही. तेव्हा सामान न्यायचा विचार सोडून द्यावा हे बरं. इथेही राहू शकतं सामान. ती म्हणाली, टेंपो ठरवलाय.

१९ एप्रिल, मंगळवार

उद्या लग्न. रजिस्ट्रारने अकराची वेळ दिलीय. पहाटे निघायचं.

अक्का म्हणाली, आजच पेट्रोल भरून ठेव. हिशेब दाखवला. फुल केल्यापासून जेवढी फिरली त्यावरून आत अठरा लिटर शिल्लक. म्हैसूरला चौदा पुरे. शिवाय टाकी उगाच जड केली तर वेग कमी होतो. स्पोर्ट्स कारचं शास्त्र वेगळं असतं. अक्काने विचारलं, जयतीर्थ म्हणाले तसं असेल तर? तसं नाहीये, मी म्हटलं.

मनःस्थिती उत्तम. झोप येत नाहीये, पण ते उकाड्यामुळे.

२० एप्रिल, बुधवार. म्हैसूर, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

पहाटे निघालो. अक्काने जांभळी रेशमी साडी नेसली होती, केसांवर रुमाल. छत उघडं ठेवलं होतं. केंगेरीपर्यंत ती सारखी बोलत होती. लहानपणी मी शाळेत जाताना रडायचो आणि ती मला फाटकाशी सोडून खांबाआड उभी राहायची, मी आत गेलो की मगच निघायची, वगैरे. मला हे आठवत नाही.

केंगेरीच्या पंपावर ती म्हणाली, घाल. रांग होती. बिडदीचा पंप रस्त्याच्या पलीकडे. रामनगरचा पंप आपल्याच बाजूला होता, रांग नव्हती, झाडाची सावलीही होती. ती म्हणाली, विठू, इथे थांब. मी म्हटलं, काटा बघ ना, पाऊणवर आहे. तिने काट्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग रुमालाची गाठ घट्ट केली.

मद्दूर सोडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस, आणि तिथे गाडी थांबली. काटा पाऊणवर.

मी बॉनेट उघडलं. अक्का रस्त्याच्या कडेला साडी सावरून उभी राहिली. थोड्या वेळाने म्हैसूरची लाल बस आली. तिने हात केला. बस थांबली.

"विठू, चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "गाडी कुठे जात नाही."

मी म्हटलं, गाडीपाशी कुणीतरी पाहिजे. साक्षीदार आहे हे माझ्या लक्षात होतं, पण गाडी अशी हायवेवर सोडता येत नाही. कंडक्टरने शिट्टी मारली. ती पायरीवर चढून पुन्हा वळली. मी कार्बोरेटरवर वाकलेलो होतो, त्यामुळे ती काही म्हणाली का ते कळलं नाही.

पुढची बस अर्ध्या तासाने आली. मी हात केला नाही. कार्बोरेटर निवायची वाट बघत होतो. त्याच्यानंतरची आली. तिलाही केला नाही. कार्बोरेटरला हात लावून बघितला. थंडगार होता. तरी थांबलो. नंतर एक टेंपोवाला आपणहून थांबला, म्हणाला पेट्रोल संपलंय का, आणि मी उत्तर द्यायच्या आत त्याने रबरी नळी काढली. त्याला वाटेल ते करू दिलं. सुरू झाली. मंड्याला टाकी भरली. चव्वेचाळीसवर सांडली.

म्हैसूरला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. लग्न होऊन गेलं होतं. तिसरी साक्षीदार म्हणून बसमधली अक्काच्या शेजारची बाई आली. श्रीरंगपट्टणहून मल्लिगे, म्हणजे मोगरा, विकायला निघाली होती, अक्काने वाटेत सगळं सांगितलं तर म्हणाली मी येते. सहीही केली, टोपलीतला गजराही नवरीला माळला. फोटोत दोघांच्या शेजारी ती आहे. बरी आली आहे.

हॉटेलात सगळे जेवत होते. माझं पान मांडून ठेवलं होतं. जयतीर्थांनी स्वतः पायसम वाढलं, दोनदा. मी अक्काला कार्बोरेटरचं सगळं सविस्तर समजावून सांगितलं, गरम हवा, प्रेशर, जेट. तिने मध्ये न बोलता पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लंस का?"

नव्हतं खाल्लं. पायसम चांगलं होतं. डोळ्यांत उन्हाने पाणी येत होतं. सकाळपासून छत उघडं होतं.

२४ एप्रिल, रविवार. बेंगळूर

खलीलने टाकी खाली उतरवून उघडली. आतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगत काट्याला बातमी देणारा भोपळा, टाकीच्या भिंतीला अडकून बसला होता. वर्षानुवर्षं तसाच असणार. शिवाय टाकी पंचेचाळीसच लिटरची निघाली. म्हणजे मीटर चुकत नव्हतं, फ्लोट चुकत होता. आणि हिशेब चुकला तो अमेरिकेचा. माझं म्हणणं शेवटी खरंच ठरलं.

आता काटा बरोबर दाखवतो. टाकी उतरवताना पेट्रोल काढून टाकलं, त्यामुळे सध्या अगदी तळाशी आहे. तसा बघायची सवय नाही.

टेंपो काल येऊन ट्रंक घेऊन गेला. वरण केलं. करपलं. कुकरची शिट्टी मोजत होतो, पण मध्ये उठून गाडी बघायला गेलो. म्हैसूरला एस.टी.डी. लावून हिंग कुठे आहे ते विचारलं. हिंगाच्या डबीत होता.

१ मे, रविवार

सुट्टी. टाकी फुल केली. काटाही फुलवर आला, खराखुरा. नंदी हिल्सला जायचं ठरवलं. दार उघडून बसलो. शेजारची सीट रिकामी असली की ही गाडी डावीकडून जरा हलकी वाटते. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने असं चालवणं बरोबर नाही. घरी आलो.

संकल्प: फोडणी शिकणे. दूधवाल्याचं नाव विचारणे.

८ मे, रविवार. म्हैसूर

बसने आलो.

गाडी न आणण्याचं कारण, रविवारी हायवेला गर्दी फार. बस तशी बरी असते. खिडकीशी बसलो आणि झोपलो. अक्का आणि जयतीर्थ दोघंही स्टँडवर आले होते. गाडीबद्दल कोणी विचारलं नाही. दुपारी अक्काने फोडणी दाखवली, मी केली, मोहरी सगळीकडे उडाली. जयतीर्थांनी तीच आमटी दोनदा घेतली आणि "स्वल्प मीठ" एवढंच म्हणाले.

संध्याकाळच्या बसने परत जायचं होतं. उद्या ड्यूटी आहे. स्टँडवर वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो. बस समोरच उभी होती, पाटीही वाचली. जागा होती.

चुकली.