पाचव्या शाळेची पाळी

गुरुजी,

काल आर्णीहून दिग्रसला येताना मोटार तुमच्या गावाच्या फाट्यावर थांबली आणि मी पुन्हा मान खाली घातली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. फाट्यावर आता चहाची टपरी आहे, तिथला माणूस मला ओळखतही नाही. तरी लिंबाखाली तुम्ही उभे असता. अंगात पांढरा सदरा, काखेत छत्री. गाडीतून कोण उतरतं तेवढं पाहता.

आपण पाच गावांचे पाच हेडमास्तर. त्यांत मी सगळ्यांत लहान, आणि तुमच्याच हाताखाली शिकलेला. आधी आपण एकमेकांकडे सवतीसारखे पाहायचो. कुणाची किती पोरं पास झाली, तपासणीला आलेल्या साहेबानं कुणाच्या शेरेबुकात काय लिहिलं. महिन्यातल्या एका शनिवारी पाळीपाळीनं एकेका शाळेत जमायचं, ही कल्पना तुमची. ज्याची शाळा, त्यानं सगळ्यांसमोर धडा घ्यायचा, तोही त्याला अवघड जाणारा. मग बाकीच्यांनी कुठं चुकलं ते तोंडावर सांगायचं, आणि मग यजमानाच्या घरचं जेवण. पहिली पाळी माझी होती, धडा अपूर्णांकांचा. तुम्ही मागं पोरांत मांडी घालून बसलात आणि नंतर म्हणालात, "तुमी इचारता, पन पोट्ट्याच्या उत्तराची वाट पाह्यत नाही. येवढी घाई काहून?" चारचौघांत बोललात म्हणून मी दोन दिवस फुगून होतो. मग थांबून पाहू लागलो, तर वर्षभर तोंड न उघडलेली एक पोरगी उत्तर देऊ लागली.

जेवणाच्या वेळी मात्र तुम्ही आपली शिदोरी घेऊन बाहेर पायरीवर बसायचात. "उनात बरं वाटते," म्हणायचात. आम्ही चौघं तोंडात मिठाची गुळणी धरून आत जेवायचो. एकमेकांच्या चुका सांगायला जमलेली माणसं, पण ही चूक कुणी काढली नाही.

छप्पन साली तुम्ही धम्म घेतलात. त्यानंतर पाचवी पाळी आली, तुमच्या शाळेची. तुम्ही म्हणालात, "या खेपेले माह्याकडं. सैपाक माही बायको करन. समदे एका पंगतीत बसू." कुणी नाही म्हटलं नाही. चार दिवसांनी आपल्यातल्या सर्वांत वडील हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "जमन्याच्या चिठ्ठ्या तुमीच लिहिता ना? मंग जागा बदलून टाका. माह्याच शाळेत जमू. त्यायले मी सांगतो." ते तुम्हाला सांगणार नाहीत, हे मला तिथंच कळलं होतं. मी उरलेल्या दोघांना चिठ्ठ्या लिहिल्या. तुम्हाला लिहिली नाही.

आणि त्या वडीलधाऱ्या हेडमास्तरांच्या गावाला जाणारी मोटार तुमच्याच फाट्यावरून जाते, हे आम्हा शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही. मोटार थांबते. तुम्ही आम्हाला घ्यायला आलेले आहात. माझ्या शेजारचे दोघे पलीकडच्या वावरातली कपाशीची पऱ्हाटी पाहू लागतात. मी वाकून चप्पल शोधतो, आणि ती तर पायातच आहे. मान वर करतो तेव्हा तुम्ही माझ्याकडेच पाहत असता. हात वर करता. कंडक्टर विचारतो, "उतरनार हाय का कोनी?" कुणी उठत नाही. तो घंटी मारतो.

पुढच्या महिन्यात तुम्ही आलात, धड्यातली चूक सांगितलीत, आणि जेवणाआधी "घरी काम हाय" म्हणून निघून गेलात. भांडला असतात तर बरं झालं असतं. वर्षभरात ते जमणं बंद पडलं. पुढं मी साहेब झालो आणि गावोगावच्या हेडमास्तरांना एकमेकांकडून कसं शिकावं ते सांगत फिरलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. ही पद्धत तुमची, हे एकाही सभेत बोललो नाही. बोललो असतो तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

तुम्ही गेल्यावर मी तुमच्या घरी आलो होतो. तुमच्या पत्नी म्हणाल्या, "त्या दिशी तो सैपाक शाळेतल्या पोट्ट्यायले वाढला. हे म्हनाले, त्यायची मोटार चुकली असन." तुम्ही मला पाहिलं होतंत, गुरुजी, आणि घरी हे सांगितलंत.

मोटारीतल्या त्या दोघांना ठाऊक नसलेली एक गोष्ट तुम्हाला ठाऊक होती. चौथीत असताना शाळेमागं बसून मी कितीतरी दिवस तुमच्या शिदोरीतली अर्धी भाकर खाल्ली आहे. विटाळ मी कधी मानलाच नव्हता. मला फक्त त्या दोघांच्या देखत उतरायचं नव्हतं. मी भ्यालो, इतकंच.

तुमचा मुलगा यवतमाळला असतो. हे पत्र त्याला द्यावं म्हणून दोनदा त्याच्याकडे गेलो आणि दोन्ही वेळा जेवून परत आलो. वाढता वाढता तो म्हणतो, "बाबा लय डाव सांगत, मोटार चुकली नसती तं त्या दिशी समदे आमच्या घरी जेवले असते." मी हो म्हणतो.